जंजीर, डोरी आणि पेंग्विनचे पिल्लू : मुंबईच्या प्राणिशोकाचा मागोवा

मुंबईने एखाद्या प्राण्यासाठी उघडपणे शोक केल्याचे सर्वांत ठळक उदाहरण पोलीस दलातील ‘जंजीर’ या लॅब्रेडोर श्वानाचे असून, हाडाच्या कर्करोगाने १६ नोव्हेंबर २००० रोजी परळच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला, तेव्हा त्याला शासकीय इतमामात निरोप देण्यात आला आणि त्याच्या पार्थिवावर पुष्पचक्र वाहणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे छायाचित्र देशभर पोहोचले. या शोकामागे शहराने जगलेला इतिहास होता. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोट मालिकेत २५७ जणांचा बळी गेल्यानंतर रस्त्याकडेला उभे असलेले प्रत्येक वाहन संशयास्पद ठरले होते. अशा दिवसांत, म्हणजे तीनच दिवसांनी, बॉम्बशोधक व नाशक पथकातील या श्वानाने धनजी स्ट्रीटवर आरडीएक्स, म्हणजे अतितीव्र लष्करी स्फोटक, भरलेली स्कूटर वासावरून हुडकून काढली. पुढे सिद्धिविनायक मंदिराजवळ आणि झवेरी बाजारात सापडलेल्या शस्त्रांच्या पेट्यांच्या शोधातही त्याचा वाटा होता, आणि त्या काळात त्याच्या साहाय्याने हस्तगत झालेल्या आरडीएक्सचे वजन ३,३२९ किलो इतके नोंदले गेले आहे. ज्या वस्त्यांतून माणसे रोज येत-जात होती, त्याच वस्त्या त्याच्यामुळे वाचल्या. म्हणून त्याच्यासाठी झालेला शोक हा मूलतः ऋणाची कबुली होता.

असे ऋण नसलेल्या प्राण्याच्या वाट्याला काय येते, हे ऑक्टोबर २०१६ मध्ये दिसले. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात कामगिरी बजावलेल्या चार पोलीस श्वानांपैकी शेवटचा ‘सीझर’ त्या महिन्यात विरार येथे मरण पावला आणि त्याला मानाने निरोप मिळाला. याउलट, त्याच महिन्यात भायखळ्याच्या राणीबागेत, म्हणजे १८६२ साली खुल्या झालेल्या आणि आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बागेत, सोलहून आणलेल्या आठ हम्बोल्ट पेंग्विनांपैकी ‘डोरी’ ही मादी जिवाणूसंसर्गाने दगावली आणि तिच्यामागे उरला तो प्रामुख्याने राजकीय वाद. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरच्या थंड प्रवाहात राहणारा हा पक्षी मुंबईच्या दमट हवेत आणावा की नाही, हा प्रश्न रास्तच होता, पण त्या प्रश्नाच्या गदारोळात डोरीचे मरण बाजूला पडले, ही खेदाची गोष्ट आहे.

पुढे १५ ऑगस्ट २०१८ रोजी राणीबागेतल्याच मोल्ट आणि फ्लिपर या पेंग्विन जोडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर आले, आणि भारतात जन्मलेला पहिला पेंग्विन स्वातंत्र्यदिनीच जन्मल्यामुळे, कोणतीही कामगिरी न करता, ते साऱ्या देशाचे झाले. आठवडाभरातच, २२ ऑगस्टला, ते गेले : अंड्यातल्या बलकाची पिशवी नवजात पिल्लाच्या शरीरात शोषली जाऊन पहिले काही दिवस त्याचे पोषण करते, ती क्रिया येथे पूर्ण झाली नाही आणि यकृतही नीट काम करत नव्हते. या वेळी हळहळ मात्र खरी होती, आणि ती कोणत्याही सेवेच्या बदल्यात नव्हती, म्हणूनच जंजीरच्या शोकाइतकीच तिची नोंद महत्त्वाची ठरते. ऑगस्ट २०२१ मध्ये याच जोडीला झालेले ‘ऑस्कर’ हे पिल्लू जगले.