घासाघीस म्हणजे वाटाघाटी नव्हे

वाटाघाटी हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे लांबलचक टेबल, दोन देशांचे झेंडे आणि हस्तांदोलन करणारे मंत्री उभे राहतात. पण आपल्या अवतीभवतीच्या कितीतरी वाटाघाटी पत्र्याच्या शेडमध्ये होतात. टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या, खुर्चीवर सिमेंटची धूळ, कटिंग चहा आणि समोरासमोर दोन माणसं. एक काम करून घेणारा, दुसरा करणारा. विषय एकच, अडकलेलं बिल. बांधकामाच्या धंद्यात माझी तीसहून अधिक वर्षं गेली. निम्मी ठेकेदाराच्या बाजूला आणि निम्मी मालकाचा सल्लागार म्हणून. गेली काही वर्षं तरुण साईट इंजिनिअरांना मी हाच विषय शिकवतो आहे.

कॉलेजात त्यांना तुळईचं गणित शिकवलेलं असतं, काँक्रीटचं प्रमाण शिकवलेलं असतं. पण समोरचा 'हे टेंडरमध्ये नाही' म्हणाला, तर पुढं काय बोलायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं. मग तो मुलगा मंडईत जे पाहिलं तेच करतो. तुम्ही शंभर म्हणा, मी पन्नास म्हणतो, पंचाहत्तरवर तोडू. मेथीची जुडी घेताना हे ठीक आहे. जुडी पिशवीत पडली की व्यवहार संपला. इमारतीचं काम मात्र दीड-दोन वर्षं चालतं. आज ज्याला पिळलं, त्याच्याकडूनच उद्या स्लॅब ओतून घ्यायचा असतो. तो त्याचा वचपा कुठं काढेल, हे सांगायला नको.

एक उदाहरण देतो. नाशिक भागातलं एका छोट्या कारखान्याच्या शेडचं काम. मी मालकाच्या बाजूनं होतो. पायाचे खड्डे घेताना खाली काळा कठीण खडक लागला. टेंडरमध्ये दर होता तो मुरूम आणि मऊ खडकाचा. ठेकेदार म्हणाला, अकरा लाख जादा द्या. मालक म्हणाले, एक रुपया देणार नाही, पाया खोदणं तुमचंच काम. दोन बैठका याच दोन वाक्यांवर संपल्या.

तिसऱ्या बैठकीआधी मी दोघांना वेगवेगळं भेटलो आणि पैशांचा विषयच काढला नाही. मालकांना विचारलं, तुम्हाला कोणती तारीख चुकवून चालणार नाही? तर यंत्रं बंदरातून निघणार होती, ती उतरवायला क्रेन ठरली होती आणि बँकेचा पुढचा हप्ता जोत्यापर्यंत काम आल्याशिवाय सुटणार नव्हता. ठेकेदाराला विचारलं, या आठवड्यात तुमच्या दारात कोण उभं आहे? तर ब्रेकर भाड्यानं देणारा आणि शनिवारच्या पगारासाठी मुकादम. म्हणजे मागणी अकरा लाखांची होती, पण गरज होती ती चार दिवसांत हातात पडणाऱ्या रोख पैशांची. आणि मालकांचा हट्ट 'शून्य'चा असला, तरी त्यांना हवा होता यंत्राचा पाया वेळेवर.

मग मार्ग निघाला. उरलेल्या खड्ड्यांचं मोजमाप दोघांच्या इंजिनिअरांनी एकत्र घेऊन सह्या करायच्या. ज्या चार लाखांबद्दल वाद नव्हता, ते लगेच द्यायचे. दराचा निर्णय दोघांना मान्य असलेल्या एका तिसऱ्या इंजिनिअरनं करायचा. ठेकेदारानं यंत्राचा पाया आधी घ्यायचा आणि बाकीच्या कामाला दंडाशिवाय तीन आठवडे मुदतवाढ मिळायची. शेवटी जादा रक्कम निघाली साडेसहा लाख. शून्य आणि अकरा यांचा मध्य साडेपाच येतो. त्याच्याशी या आकड्याचा काही संबंध नव्हता, तो मोजमापातून आला होता. म्हणूनच दोघांपैकी कुणालाही आपण हरलो असं वाटलं नाही.

हे जमलं याचं श्रेय माझ्यापेक्षा ठेकेदाराच्या एका पोरगेल्या सुपरवायझरला द्यायला हवं. खडक लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं चार ओळींचं पत्र दिलं होतं. खड्ड्यांचे क्रमांक, तारीख, फोटो आणि 'पाहणीस यावे' अशी विनंती. बांधकामाच्या वादांचं एक वैशिष्ट्य असं, की त्यातला पुरावाच गाडला जातो. खड्ड्यात काँक्रीट पडलं की खाली खडक होता की मुरूम, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आपल्याकडे पत्र देणं म्हणजे भांडण उकरणं, असा एक विचित्र समज आहे. 'साहेबांना वाईट वाटेल' म्हणून सहा महिने गप्प बसायचं आणि शेवटच्या बिलाला सगळं एकदम मागायचं! साहेबांना वाईट वाटतं ते तेव्हा.

कायदाही इथं गप्प बसणाऱ्याच्या बाजूनं नाही. आपला करार कायदा १८७२ चा. वेळेला महत्त्व असलेल्या करारात काम उशिरा झालं आणि ते तुम्ही तसंच स्वीकारलं, तर त्याच वेळी नोटीस दिल्याशिवाय त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही, असं त्याचं कलम ५५ सांगतं. कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. 'करारात दंड लिहिलाय, कापणारच' म्हणणाऱ्या मालकांनी आणि तो ऐकून घाबरणाऱ्या ठेकेदारांनी हे कलम एकदा वाचावं.

मागणी आणि गरज यांतला हा फरक काही माझा शोध नव्हे. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ मध्ये 'गेटिंग टू येस' या पुस्तकात तो मांडला. त्यांचं गाजलेलं उदाहरण १९७८ च्या कॅम्प डेव्हिड कराराचं. इजिप्तला सिनाईची जमीन परत हवी होती, इस्रायलला सरहद्दीलगत रणगाडे नको होते. नकाशावर रेघ मारून दोघांचं समाधान होईना. शेवटी जमीन इजिप्तला परत आणि तिच्या मोठ्या भागात सैन्यावर निर्बंध, असं ठरलं. याच पुस्तकात आणखी एक प्रश्न आहे, तो मी विद्यार्थ्यांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावतो. बोलणी फिसकटली, तर माझ्या हातात काय उरतं?

याचं उत्तर आकड्यांत काढायचं. 'कोर्टात खेचीन' हे उत्तर नाही. दहा लाख अडकले आहेत आणि तेवढेच तुम्ही बारा टक्क्यांनी उचलले आहेत असं धरा. पाच वर्षांचं साधं व्याज झालं सहा लाख. वकिलांची फी वेगळी, तारखांना जाणारा माणूस वेगळा, आणि तेवढ्या काळात हातातून गेलेली कामं तर हिशेबात धरताच येत नाहीत. जिंकलात तर व्याज मिळेलही, पण ते शेवटी. मुकादमाला पगार या शनिवारी हवा असतो. हाच हिशेब समोरच्याच्या बाजूनंही मांडावा. त्याच्याकडे भक्कम पर्याय असेल, तर नुसत्या आवाजानं तो वाकणार नाही.

मोठ्यांची गत याहून वेगळी नसते. दिल्ली विमानतळ मेट्रोचा करार २००८ चा. पुलाच्या भागातल्या दोषांवरून २०१२ च्या जुलैत कंपनीनं गाड्या थांबवल्या, दोष दुरुस्त करण्यासाठी नव्वद दिवसांची नोटीस दिली आणि ऑक्टोबरमध्ये करार संपवला. लवादानं २०१७ मध्ये कंपनीच्या बाजूनं सुमारे २,७८२ कोटी आणि व्याजाचा निवाडा दिला. उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी तो कायम केला, खंडपीठानं रद्द केला, सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये पुन्हा उचलून धरला आणि त्याच न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये क्युरेटिव्ह याचिकेवर तो बाजूला सारून दिलेली रक्कम परत करायला सांगितलं. बारा वर्षं! कोण बरोबर होतं, यात मी शिरत नाही. गाड्या मात्र २०१३ च्या जानेवारीतच पुन्हा सुरू झाल्या होत्या. रूळ चालू, भांडणही चालू.

सरकारी कामात एक निराळीच अडचण असते. समोरचा अधिकारी मनातून तुमचं म्हणणं मान्य करतो, पण सही करत नाही. त्याला लबाड समजू नका. तडजोड करणाऱ्याला उद्या लेखापरीक्षक विचारणार, 'का दिले?' कोर्टात हरलेल्याला तसं सहसा कुणी विचारत नाही. त्यामुळे अशा माणसाकडे आर्जव करण्यापेक्षा त्याला फाईलला लावता येईल असा कागद द्यावा. संयुक्त मोजमाप, बाजारभावाची तीन कोटेशनं, कराराचं नेमकं कलम. केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं जून २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सरकारी खरेदीच्या करारांत लवादाचं कलम सरसकट घालू नये, ते साधारणपणे दहा कोटींच्या आतल्या वादांपुरतं ठेवावं आणि मध्यस्थीचा वापर वाढवावा, असं त्यांत म्हटलं आहे. हेतू चांगला आहे. पण सही करणाऱ्याच्या मनातली भीती परिपत्रकानं कितपत जाते, याबद्दल मला शंका आहे.

खासगी व्यापारी वादांत मात्र आता पहिली पायरी चुकवता येत नाही. व्यापारी न्यायालय कायद्यात २०१८ मध्ये कलम १२अ आलं. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीकडे जावंच लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. पुष्कळ लोक तिथं नुसती हजेरी लावून येतात. माझ्या मते हा शुद्ध करंटेपणा आहे. मध्यस्थीत बोललेलं गोपनीय राहतं, पुढं कोर्टात तुमच्या विरुद्ध वापरता येत नाही. मन मोकळं करायला याहून स्वस्त जागा कुठं मिळणार?

आणि प्रत्येक गोष्टीत तडजोड असते, असंही नाही. अठ्ठावीस दिवसांनी काँक्रीटचे ठोकळे दाबून पाहिले आणि ताकद कमी भरली, तर तिथं 'थोडं तुमचं, थोडं आमचं' नको. पुढच्या तपासण्या करा, लागलं तर तोडा. कामगाराच्या पट्ट्याची आणि जाळीची किंमत घासाघिशीत कापली जाते, तेही असंच. त्या पैशांची वसुली उंचावर काम करणाऱ्या माणसाकडून होते आणि तो तर बैठकीत नसतोच.

हे सगळं शिकायचं कसं, असं तुम्ही विचाराल. पोहण्यासारखंच, पाण्यात उतरून. आमच्या वर्गात खऱ्या बैठकीआधी मुलं भूमिका बदलून तालीम करतात. ठेकेदाराच्या माणसानं मालक व्हायचं आणि मालकाची बाजू अशी मांडायची, की खरा मालक म्हणेल, 'हेच माझं म्हणणं.' पहिल्यांदा सगळे नक्कल करतात, हसतात. दुसऱ्या फेरीला त्यांना समोरच्याच्या खिशातली चणचण दिसू लागते. 'तुम्ही फसवलंत' ऐवजी 'अमुक तारखेच्या नकाशात हा बदल होता' असं म्हणायची सवय लावतो, कारण पहिल्या वाक्याला उत्तर रागानंच येतं, दुसऱ्याला नकाशा काढून बघावा लागतो. आणि आपला आकडा सांगितल्यावर गप्प बसायला शिकवतो. हे सर्वांत अवघड! सोन्यासारखी मुलं, पण अर्धं मिनिट शांतता झाली की घाबरून स्वतःच आपला आकडा खाली आणतात.

बैठक संपली की चहा होतो, पाठीवर थाप पडते आणि 'उद्या लिहून घेऊ' म्हणत मंडळी उठतात. तसं उठू देऊ नये. जे ठरलं ते त्याच टेबलावर, साध्या मराठीत, अर्ध्या पानात उतरवावं. कोण, काय, किती आणि कोणत्या तारखेपर्यंत देणार. ज्या मुद्द्यावर एकमत झालं नाही, तोही 'बाकी' म्हणून लिहावा आणि त्यासाठी पुढच्या बैठकीचा दिवस टाकावा. खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत समोरच्याच्या हातात देऊनच शेडबाहेर पडावं.