पाणी उसाला, मीठ जमिनीला



हंगाम जवळ आला की आपल्यात बोलणे होते ते टनेजचे, उताऱ्याचे आणि पहिल्या उचलीचे. ते साहजिकच आहे. पण ज्या काळ्या आईच्या पोटातून हा ऊस येतो तिची विचारपूस कितीजण करतात? कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि नीरेच्या काठची हजारो एकर जमीन क्षारपड झाली आहे. कित्येक रानांत उन्हाळ्यात पांढरे मीठ फुलते आणि पावसाळ्यात वाफसाच येत नाही. हे एका दिवसात घडलेले नाही. म्हणूनच ते वेळेत ध्यानात येत नाही.

मीठ येते कोठून?

साधा हिशेब मांडू. समजा, आपल्या विहिरीच्या एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार आहेत. जिभेला ते कळणारही नाहीत. मोकाट पाणी देऊन एक एकर उसाला वर्षात ८० लाख लिटर पाणी पाजले, तर त्याबरोबर रानात ४ टन क्षार येऊन पडले! पाणी पीक पिते, ऊन पिते; क्षार मागेच राहतात. निचरा चांगला असेल तर पावसाबरोबर ते खाली वाहून जातात. पण भारी काळ्या जमिनीत निचरा मुळातच कमी. वरून पाणी देतच राहिले की भूजल वर चढते आणि खालचे क्षारही मुळाशी आणून सोडते. "पाणी जास्त, ऊस जास्त" हा समज अशा जमिनीत उलटा ठरतो.

धोरणाने काय केले?

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुणे भागात पाटबंधाऱ्याचे अभियंता असताना त्यांनी 'ब्लॉक पद्धत' आणली. ब्लॉकच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस घ्यायचा, बाकी क्षेत्रात कमी पाण्याची पिके आणि पुढे फेरपालट. पाणी जास्त गावांना पुरावे आणि जमिनीलाही दम मिळावा, असा त्यात दुहेरी लाभ होता. आपले वाडवडील ज्याला बेवड म्हणत, तेच हे.

पुढे बेवड मागे पडला. त्याला कारण आहे. उसाचा किमान दर केंद्र सरकार कायद्याने ठरवते. २००९ पासून तो एफआरपी या नावाने मिळतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये दर ठरला. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते, तरी भाव आधीच कळतो आणि माल घ्यायला कारखाना असतो. तूर-हरभऱ्याचाही हमीभाव जाहीर होतो. पण सगळा माल खरेदी केंद्रावर घेतला जाईलच, याची खात्री नाही. मग शेतकऱ्याने उसामागून ऊस आणि खोडव्यावर खोडवा घेतला तर त्याला बोल कसा लावायचा? सरकारी दरात टन मोजले जातात, उतारा मोजला जातो. जमीन मात्र कुणी मोजत नाही. उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय राज्य सरकारने २०१७ साली घेतला, पण नुसत्या हुकमाने बांधावरची सवय बदलत नाही.

आपल्या हातात काय आहे?

१) आधी माती-पाणी तपासा. जमीन क्षारयुक्त की चोपण, हे नुसते बघून ठरवू नका. जिप्सम चोपण जमिनीला लागते. निव्वळ क्षारयुक्त जमिनीला निचरा आणि चांगले पाणी लागते. निदान चुकले तर पैसा वाया.

२) निचऱ्याची सोय करा. उघडे चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाइप. हे एकट्याचे काम नव्हे. एकाचे पाणी दुसऱ्याच्या बांधातूनच ओढ्याला जाणार. शिरोळ तालुक्यात श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशी राने पुन्हा पिकाखाली आणली आहेत. सहकार म्हणजे याहून वेगळे काय?

३) पाचट पेटवू नका. एकरी तीन-चार टन पाचट सरीत कुजवले तर ओल टिकते आणि सेंद्रिय कर्ब वाढतो.

४) खोडवा निघाल्यावर ताग किंवा धैंचा गाडा, निदान एक हंगाम हरभरा, सोयाबीन घ्या.

५) क्षार नुकतेच वाढू लागले असतील तर फुले २६५ सारखी तग धरणारी जात लावा. पण जात म्हणजे इलाज नव्हे. निचरा तो निचराच.

कारखान्याच्या पत्रिकेने ऊस सोडून हरभरा घ्या म्हणावे, याचे कुणाला नवल वाटेल. पण रान खारावले तर सभासदाचा ऊस जातो आणि कारखान्याचे गाळपही जाते. दर दिल्लीत ठरतो. जमिनीची निगा मात्र आपल्याच बांधावर ठरते. दरासाठी आपण एकजुटीने भांडतो, तशीच एकजूट शिवारातला चर काढतानाही दिसली पाहिजे. या उन्हाळ्यात गटागटाने बसा, शेती खात्याच्या माणसाला बोलवा आणि निदान एका ओढ्याचे काम हाती घ्या.