जुन्या पिकअपसाठी नवा रेडिएटर : निवड कशी करावी?

शेतमाल वेळेवर बाजारपेठेत पोहोचविणारी पिकअप गाडी हे आता शेतीचेच एक अवजार झाले आहे. पुष्कळ शेतकरी जुनी गाडी घेऊन तिच्यावर काम भागवितात. अशा गाडीचा रेडिएटर केव्हा तरी बदलावाच लागतो. त्या वेळी जो रेडिएटर जागेवर बसेल तोच योग्य, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बरोबर नाही. एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या भरून आंबा घाटाने कोल्हापूरकडे चढणाऱ्या गाडीचे उदाहरण घ्यावे. चढावर इंजिनावर ताण अधिक, गाडीचा वेग कमी आणि त्यामुळे समोरून मिळणारा वाराही कमी, अशी तिची स्थिती असते. सपाट रस्त्यावर चालून जाणारा अपुरा रेडिएटर तेथे उघडा पडतो. पाणी उकळते, इंजिनाचे हेड वाकते आणि पेट्यांतील फळही वाटेतच हातचे जाते.

प्रथम दोष शोधावा

इंजिन तापले म्हणजे रेडिएटरच बिघडला, असे नव्हे. पंख्याचा पट्टा ढिला पडणे, पाण्याचा पंप झिजणे, थर्मोस्टॅट न उघडणे, किंवा रेडिएटरच्या जाळीत भुसा व धूळ अडकणे, यांपैकी कोणतेही कारण असू शकते. थर्मोस्टॅट काढून पाण्यात तापवून पाहावा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या सुमारास तो उघडू लागला पाहिजे. तो कायमचा काढून टाकणे हा उपाय नव्हे. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील व धुराड्यातून पांढरा धूर निघत असेल, तर हेड गॅस्केटची तपासणी करवून घ्यावी. असा दोष तसाच ठेवून नवा रेडिएटर बसविल्यास पैसा व्यर्थ जातो.

जाळी बाहेरून स्वच्छ असून तिचे काही पट्टे थंड व काही गरम राहत असतील, तर आतील नळ्या क्षाराने बुजल्या आहेत असे समजावे. ही पाहणी इंजिन व पंखा पूर्ण बंद असतानाच करावी.

मापे कोणती घ्यावीत?

केवळ गाडीचे नाव सांगून रेडिएटर मागू नये. १ एप्रिल २०१७ पासून देशभर भारत स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही धूरविषयक मानके लागू झाली. अशा बदलांबरोबर एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्यांची इंजिनेही बदलत गेली. म्हणून गाडीचे उत्पादनवर्ष, चासी क्रमांक व इंजिनाचा प्रकार दुकानदारास दाखवावा. शिवाय पुढील मापे जुन्या रेडिएटरवरून मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावीत :

१. टाक्या सोडून केवळ जाळीची उंची, रुंदी व जाडी.
२. जाळीतील नळ्यांच्या ओळींची संख्या.
३. पाणी येण्याच्या व जाण्याच्या तोंडांचा व्यास, आणि ती तोंडे कोणत्या बाजूस आहेत.
४. बसविण्याच्या पट्ट्यांतील भोकांचे अंतर.
५. पंख्याभोवतीचे आवरण जोडण्याच्या जागा.

यांपैकी पहिली दोन मापे सर्वांत महत्त्वाची होत. बाहेरची चौकट तंतोतंत जुळूनही आतील जाळी पातळ असू शकते. स्वस्त मालात काटकसर बहुधा तेथेच केलेली असते. पंख्याचे आवरण जुळत नाही म्हणून ते काढून टाकू नये. त्याच्यामुळेच पंख्याने ओढलेली हवा संपूर्ण जाळीतून जाते.

तांबे-पितळ की ॲल्युमिनियम?

तांब्यापितळेचा रेडिएटर वजनाने जड असतो. परंतु त्यास गळती लागल्यास कुशल कारागीर डाख लावून ती बंद करू शकतो. टाक्या चांगल्या असल्यास केवळ नवी जाळीही बसविता येते. ॲल्युमिनियमचा रेडिएटर हलका असून चांगल्या बनावटीचा असल्यास उष्णता तितकीच उत्तम बाहेर टाकतो. मात्र त्याच्या प्लॅस्टिकच्या टाकीस तडा गेल्यास डाख लावता येत नाही. जवळच्या गावी जाणता कारागीर असेल, तर जुन्या गाडीच्या मूळ पितळी टाक्या ठेवून जाळी बदलणे पुष्कळदा हिताचे ठरते.

झाकण व पाणी

रेडिएटरचे झाकण हे केवळ बूच नव्हे. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. ०.९ बार अधिक दाबाखाली साधे पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंश सेल्सियसला उकळते. म्हणून मूळ झाकणावरील आकड्याचेच नवे झाकण घ्यावे. कमी दाबाच्या झाकणाने पाणी लवकर उकळते, तर जादा दाबाच्या झाकणाने जुने होज व सांधे फुटतात. इंजिन गरम असताना झाकण कदापि उघडू नये.

कूपनलिकेचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. त्यातील क्षारच नळ्या बुजवितात. उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचे कूलंट क्षारविरहित पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात मिसळावे. नवा रेडिएटर बसविण्यापूर्वी इंजिनातील जुना गाळ धुऊन काढावा, नाहीतर तोच गाळ नव्या जाळीत जाऊन बसतो. पुष्कळ कूलंटमध्ये असणारे एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड परंतु विषारी असते. काढलेले कूलंट उघड्यावर ओतू नये, आणि ते गुरे, कुत्री व लहान मुले यांच्यापासून दूर ठेवावे.

स्वीकारण्यापूर्वी

रेडिएटर बसविल्यावर गाडी प्रथम रिकामी व नंतर भार घालून जवळच्या चढावर चालवून पाहावी. तापमानाचा काटा स्थिर राहिला, इंजिन थंड झाल्यावर पाण्याची पातळी कायम आढळली आणि सांधे कोरडे राहिले, तरच काम पूर्ण झाले असे मानावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील पिकअप-मालकांकडून वरील मापांचे टिपण हंगामापूर्वीच करवून घ्यावे. ऐन हंगामात गाडी बंद पडली असता मिळेल तो रेडिएटर घेण्याची पाळी येते. टिपण हाताशी असेल तर योग्य तोच मागता येतो.