बॅटरीची तार काढण्याआधी

चिंचपोकळीच्या पुलावरून लालबागकडे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडताना जुनी गाडी धक्के देऊ लागली, की हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ‘ईसीएम’ म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक ‘रिसेट’ करणे. माझ्या मते, दुरुस्तीआधी केलेला रिसेट नुकसानच करतो. सायलेन्सरच्या वाटेवरचा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजतो आणि त्यावरून पेट्रोल किती कमी-जास्त सोडायचे, हे ईसीएम शिकत जातो. व्हॅक्यूमची नळी किंचित चिरली तरी तो काही काळ सांभाळून घेतो. तार काढली की बऱ्याच जुन्या गाड्यांत ही शिकवण पुसली जाते, आणि बिघाड दाखवणारे कोडही.

‘पण रिसेटनंतर गाडी हलकी पळते’ हा अनुभव खोटा नाही; ईसीएम कारखान्यातल्या मूळ आकड्यांवर परततो. दोष मात्र तसाच असल्याने थोड्याच दिवसांत रडगाणे पुन्हा सुरू होते. याउलट, दुरुस्तीत सेन्सर बदलला किंवा थ्रॉटल बॉडी साफ केली, तर जुनी शिकवणच आड येते. तेव्हा रिसेट जरूर करावा. त्याआधी कोड वाचणे अवघड नाही: मुंबईत एप्रिल २०१०मध्ये भारत स्टेज ४ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखाली स्कॅनरचे सॉकेट असते. मेकॅनिकला आधी तिथून कोड वाचून कागदावर लिहून द्यायला सांगा, मगच बॅटरीला पाना लावू द्या.