औषध लागू पडतानाच होणारा रक्तस्राव

पोटातील गाठीवर गोळी सुरू व्हावी आणि काही दिवसांतच शौचाचा रंग डांबरासारखा काळा व्हावा, असे घडले की घरची मंडळी गोळीलाच दोष देतात. ‘जिस्ट’ या ट्यूमरच्या बाबतीत मात्र हा निष्कर्ष घाईचा ठरू शकतो.

जिस्ट हा जठराच्या नेहमीच्या कर्करोगाहून वेगळा. तो अस्तरात नव्हे, तर जठराच्या किंवा आतड्याच्या भिंतीत वाढतो. यातील बहुतेक गाठींत ‘किट’ नावाच्या जनुकात बिघाड असतो, हे जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. या बिघाडामुळे पेशींना वाढीचा संदेश अखंड मिळत राहतो. इमॅटिनिब हे औषध नेमका तोच संदेश रोखते. २००० साली फिनलंडमधील एका महिलेला ते या आजारासाठी प्रथम देण्यात आले; २००२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

अडचण निर्माण होते ती मोठ्या गाठींत. या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असतो. औषधाने पेशी भराभर मरू लागल्या की गाठीचा गाभा ढासळतो, रक्तवाहिन्यांचा आधार जातो आणि रक्त गाठीत, अन्नमार्गात वा उदरपोकळीत झिरपते. म्हणजे औषध प्रभावी ठरल्यामुळेही रक्तस्राव होतो! अर्थात, औषधाला न जुमानता वाढणारी गाठही रक्तस्राव करतेच. त्यामुळे एंडोस्कोपी व सीटी स्कॅन करावे लागते. त्यातही गाठीत साचलेल्या रक्तामुळे ती मोठी दिसून फसगत होऊ शकते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या १४७ रुग्णांच्या चाचणीत सुमारे पाच टक्के रुग्णांना असा रक्तस्राव झाला. प्रमाण थोडे असले, तरी तो जिवावर बेतू शकतो.

काळे शौच, रक्ताची उलटी, एकाएकी उठलेली पोटदुखी, चक्कर व घाम ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते हे खरे, पण तो तर्क घरी बसून लढवू नये. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम इमॅटिनिबमुळे वाढू शकतो; म्हणून गरज भासल्यास हेपॅरिन देण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

रक्तस्राव झाल्यास गोळी तात्पुरती थांबविली जाते, रक्त दिले जाते, प्रसंगी रक्तवाहिनी नळीवाटे बंद केली जाते किंवा शस्त्रक्रिया होते. स्थिती सावरली की डॉक्टर बहुधा गोळी पुन्हा सुरू करतात. कारण पसरलेल्या आजारात ती दीर्घकाळ बंद राहिली, तर थोपलेली गाठ बहुतेकदा पुन्हा वाढू लागते.