सातासमुद्रापारची अळी आणि बांधावरची वही

2019 च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. मानवत तालुक्यातल्या आमच्या गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, मक्याच्या पानांची चाळणी झाली बघा. पोंग्यात लाकडाचा भुसा टाकल्यावानी दिसतंय. कोणती अळी हाय काय की!"

गुरांच्या चाऱ्यासाठी त्याने अर्धा एकर मका पेरला होता. खरी काळजी मक्याची नव्हतीच. मक्यावरची अळी पुढे रब्बीच्या ज्वारीवर गेली तर काय, ही होती. आमच्या घरची वर्षाची भाकरी आणि जनावरांचा कडबा त्या एका पिकावर असतो. मी शेतकी शिकलेला, पण नोकरीनिमित्त शहरात राहणारा. त्याने सांगितलेली लक्षणे मला ओळखता आली नाहीत. "उद्या विचारून सांगतो," असे म्हणून मी फोन ठेवला. किसान कॉल सेंटर 2004 पासून आहे, तिथे मराठीत उत्तर मिळते, हेही त्या वेळी सुचले नाही.

शेतकऱ्याचा उद्या मात्र लवकर उजाडतो. भाऊ सकाळीच एका दुकानात गेला. दुकानदाराने दोन औषधे दिली आणि एकत्र करून मारायला सांगितली. भर उन्हात, तोंडाला नुसता रुमाल बांधून त्याने पंप पाठीवर घेतला. संध्याकाळी मळमळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधार. रात्र दवाखान्यात गेली. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते. ती आठवण होऊन आम्ही सारे हबकून गेलो. सुदैवाने तो दोन दिवसांत घरी आला. पुढे बाटलीबरोबरचे माहितीपत्रक मी उलगडून पाहिले. त्यावर मराठी मजकूर होता. पण मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. अळ्या मात्र पोंग्यात खोल, आपल्याच विष्ठेच्या बोळ्याखाली सुखरूप होत्या.

ती अमेरिकन लष्करी अळी होती. डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय'सारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके, ही तिची ओळख. शास्त्रज्ञांनी तिला नाव दिले ते 1797 साली! अमेरिका खंडातली ही कीड 2016 मध्ये आफ्रिकेत पोचली आणि तिने तिथला मका फस्त करायला सुरुवात केली. मे 2018 मध्ये ती आपल्या शेजारी, कर्नाटकात सापडली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. त्याला ना पासपोर्ट लागतो, ना सरहद्द अडवते.

गंमत अशी की, पतंगाआधी माहिती पोचलेली होती. मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्राने आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेने आफ्रिकेतला अनुभव एकत्र करून 2018 मध्येच मार्गदर्शिका काढल्या होत्या. त्या कुणालाही खुल्या होत्या. आपल्याकडेही कृषी विद्यापीठांनी मराठीत सूचना काढल्या होत्या. अंडीपुंज वेचा, कामगंध सापळे लावा, सुरुवातीलाच निंबोळी अर्क वापरा आणि औषध मारायची वेळ आलीच तर थेट पोंग्यात जाईल असे मारा. सगळे छापलेले होते. जगाला ठाऊक असलेली गोष्ट माझ्या भावाला ठाऊक नव्हती, इतकेच. त्या 'इतकेच'ची किंमत एका माणसाचा जीव असू शकली असती.

तेव्हापासून मला विद्यार्थिदशेतले दिवस वारंवार आठवतात. नव्वदच्या दशकात मी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकत होतो. 1972 साली स्थापन झालेले ते मराठवाडा कृषी विद्यापीठ. 2013 पासून त्याच्या नावात वसंतराव नाईकांचे नाव आले. ज्वारीच्या खोडमाशीवर काम करताना परदेशातल्या एखाद्या निबंधाचे नाव ग्रंथालयातल्या सूचीत सापडे; निबंध मात्र नसे. मग लेखकाला विनंतीचे कार्ड टाकायचे आणि पोस्टमनची वाट पाहायची. दोन-तीन महिन्यांनी परदेशी तिकिटे लावलेले पाकीट आले की वसतिगृहात तो सणच. अनोळखी शास्त्रज्ञ स्वतःच्या खर्चाने ते पाठवीत. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते मी प्रथम त्या पाकिटात पाहिले.

त्यामागे मोठे प्रयत्नही होते. अन्न व कृषी संघटनेने 1970 च्या दशकात 'ॲग्रिस' ही योजना सुरू केली. प्रत्येक देशाने आपल्या शेती-संशोधनाची यादी द्यायची आणि सगळ्यांची मिळून झालेली यादी सगळ्यांनी वापरायची. भिशीसारखाच प्रकार, पण ज्ञानाचा. 2003 मध्ये 'अगोरा' आली. गरीब देशांतल्या संस्थांना महागडी नियतकालिके त्यातून फुकट किंवा नाममात्र दरात मिळू लागली. भारत मात्र त्या यादीत नव्हता. पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेने आपल्या विद्यापीठांसाठी सामाईक व्यवस्था उभी केली आणि कार्ड टाकून वाट पाहणे संपले.

म्हणजे रोमहून परभणीपर्यंतचा रस्ता झाला. अडले ते परभणीहून आमच्या बांधापर्यंतच्या शेवटच्या काही कोसांत.

तो शेवटचा रस्ता कसा बांधायचा, याचा धडाही बाहेरूनच आला, आणि तोही श्रीमंत देशातून नव्हे. इंडोनेशियात अंदाधुंद फवारणीने भातावरच्या तुडतुड्यांचे शत्रू कीटक मेले आणि तुडतुडे माजले. 1986 मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि 1989 पासून अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतातच शाळा भरवली. शेतकऱ्यांनी गटाने शेतात उतरायचे, कीटक मोजायचे, मित्र कोण अन् शत्रू कोण ते कागदावर काढायचे आणि निर्णय आपणच घ्यायचा. आपल्याकडे तीच 'शेतीशाळा'. जागतिक बँकेच्या कर्जातून 2018 मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात परभणी जिल्हाही होता, आणि गावोगावी अशा शेतीशाळा भरल्या.

आमच्या गावच्या शेतीशाळेत भावाआधी भावजय जाऊ लागली. नवऱ्याला दवाखान्यात पाहिलेली बाई ती. तिला कुणी समजावून सांगावे लागले नाही. मुलाची अर्धी कोरी वही तिने घेतली. ज्वारीच्या ओळीतली वीस झाडे पाहायची, किती पोंग्यांत अळी, किती पानांवर अंडी, किती ढालकिडे, ते लिहायचे. अक्षर मोठे, सुवाच्य. त्या रब्बीत थोडी झाडे गेली. पण अंडीपुंज वेचले, निंबोळी अर्क मारला आणि विषारी औषधाची बाटली फोडावी लागली नाही. कोठीत ज्वारी आली.

परवा गावी गेलो तेव्हा तिने ती वही पुढे ठेवली. "भाऊजी, आमी एवढं लिहितो. हे वर कुणी वाचतं का?"

प्रश्न साधा, पण वर्मावर बोट ठेवणारा. 2008 मध्ये सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाल्यावर राज्याने 2009 पासून कीड-सर्वेक्षणाचा 'क्रॉपसॅप' प्रकल्प सुरू केला. शेतातल्या नोंदी वर जातात आणि त्यावरून सल्ला खाली येतो. लष्करी अळीसाठी तर अन्न व कृषी संघटनेने आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांच्या नोंदी मोबाईलवरून गोळा केल्या. म्हणजे वाट आहे. तरी तिच्या वहीतली पाने अजून फडताळातच आहेत, हेही खरे.

'ॲग्रिस'च्या भिशीत प्रत्येक देशाने आपला वाटा टाकायचा, असा नियम होता. मग आमच्या भावजयीचा वाटा का नको? ज्ञान वरून खाली नुसते वाहत आले, तर ते उपदेश होऊन बांधावर साचते. खालचेही वर गेले, तर ते मुरते.

निघताना मी त्या वहीच्या पानांचे फोटो काढून घेतले. विद्यापीठातल्या एका जुन्या मित्राकडे ते पाठवले आहेत. त्याचे उत्तर येईल. एके काळी दोन-तीन महिने पोस्टमनची वाट पाहिलेला माणूस मी. थांबायची सवय आहे. भावजयीला मात्र फार थांबवू नये, असे वाटते. पेरणी तोंडावर आली आहे.