थंड हवेतील जलद प्रभारण : विद्युत् मालमोटारीच्या बॅटरीचे पूर्वतापन

युरोपीय संघाच्या २००६ च्या ५६१ क्रमांकाच्या विनियमानुसार मालमोटारीच्या चालकास साडेचार तास वाहन चालविल्यानंतर किमान ४५ मिनिटे विश्रांती घ्यावी लागते. डिझेलवर चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत या नियमाचा संबंध केवळ चालकाच्या श्रमांशी होता. विद्युत् मालमोटारीच्या आगमनाने त्याला दुसरा अर्थ प्राप्त झाला आहे. लांब पल्ल्याच्या वाहतुकीत बॅटरीत पुन्हा वीज भरून घेण्यास हीच ४५ मिनिटे हाती असतात. त्याहून अधिक वेळ गाडी उभी राहिल्यास तो वेळ मालवाहतुकीच्या हिशेबातून वजा होतो.

मर्सिडीज-बेंझच्या ‘ईॲक्ट्रोस ६००’ या मालमोटारीचे नियमित उत्पादन २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झाले. तिच्या बॅटरीची क्षमता ६०० किलोवॅट-तासांहून थोडी अधिक असून एका प्रभारणात सुमारे ५०० किलोमीटर अंतर कापता येते असे उत्पादक सांगतात. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे १.२ किलोवॅट-तास खर्च होतात. या प्रमाणावर आधारलेला एक हिशेब मांडून पाहावा. विश्रांतीच्या ४५ मिनिटांत बॅटरी २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत भरावयाची, तर ३६० किलोवॅट-तास आत गेले पाहिजेत आणि त्यासाठी सरासरी ४८० किलोवॅट शक्तीने प्रभारण झाले पाहिजे. तेवढ्या विजेवर पुढील ३०० किलोमीटर निघतात. परंतु बॅटरी थंड असल्यामुळे तिने याच्या एक-तृतीयांश वेगानेच वीज घेतली, तर त्याच ४५ मिनिटांत १२० किलोवॅट-तास मिळतील आणि पल्ला १०० किलोमीटरांचा उरेल. चालकाची विश्रांती संपेल, गाडीची संपणार नाही. थंड प्रदेशांत बॅटरीच्या पूर्वतापनाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो तो या कारणाने.

थंडीत बॅटरी ‘थिजते’ असे सहज म्हटले जाते. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला ही कल्पना जवळची वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः उणे दहा किंवा उणे पंधरा अंशांना लिथियम-आयन घटातील द्रव गोठत नाही. तो अधिक दाट होतो आणि आयनांची त्यातील हालचाल मंदावते, हे खरे. तथापि खरी अडचण द्रवात नसून ग्रॅफाइटच्या ऋणाग्राच्या पृष्ठभागावर असते. घट भरला जात असताना लिथियमचे आयन धनाग्राकडून निघून द्रवातून ऋणाग्राकडे येतात आणि ग्रॅफाइटच्या थरांमधील फटींत शिरून बसतात. द्रवातून येणारा प्रत्येक आयन विद्रावकाच्या रेणूंनी वेढलेला असतो. आत शिरण्यापूर्वी त्याला हे वेष्टन टाकावे लागते, ऋणाग्रावरील पातळ संरक्षक पटल ओलांडावे लागते आणि नंतर थरांमधून आत सरकत जावे लागते. जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजातून डोक्यावरचे ओझे उतरवून, वाकून, एकेकानेच आत जाता येते. तसाच काहीसा हा प्रवेश आहे.

रासायनिक क्रियांचा वेग तापमानानुसार कसा बदलतो हे स्वीडनच्या आरेनियस या शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये एका समीकरणाने दाखविले. क्रियेसाठी लागणारी सक्रियण-ऊर्जा मोलमागे ५० किलोजूल धरली, तर तापमान २५ अंशांवरून उणे १० अंशांवर येताच वेग सुमारे पंधरा पटींनी घटतो. लिथियम-आयन घटातील या प्रवेशक्रियेची सक्रियण-ऊर्जा साधारणतः याच पातळीची वा तिच्याहून अधिक असते. दरवाजा तोच राहतो, पण एकेकाला आत जाण्यास लागणारा वेळ पंधरापट होतो. आणि प्रभारण-यंत्र मात्र बाहेरून गर्दी लोटीतच असते.

दाराशी खोळंबलेल्या आयनांचे काय होते, हा यातील कळीचा प्रश्न होय. पूर्ण भरलेल्या ग्रॅफाइटचा विद्युत्-विभव शुद्ध लिथियमच्या तुलनेत जेमतेम ०.१ व्होल्टने अधिक असतो. प्रवेश मंदावला असताना प्रवाह जबरीने पुढे रेटला, तर हे अल्प अंतर नाहीसे होते आणि आयनांना ग्रॅफाइटच्या आत शिरण्यापेक्षा त्याच्या पृष्ठभागावर धातुरूप लिथियम म्हणून साचणे सोपे जाते. या साचलेल्या लिथियमपैकी काही पुढे पुन्हा द्रवात उतरते; काही विद्युत्विच्छेद्य द्रवाशी संयोग पावून कायमचे वाया जाते; काही ऋणाग्रापासून तुटून निरुपयोगी होऊन पडते. बॅटरीची क्षमता त्या मानाने कायमची घटते. त्याहून वाईट शक्यता अशी की, हा धातू सुईसारख्या अंकुरांच्या रूपाने वाढून मधला विभाजक पडदा भेदील आणि घटात अंतर्गत मंडलसंक्षेप घडवून आणील. म्हणूनच बॅटरीचे नियंत्रण करणारी यंत्रणा थंड घटात प्रवाह कमी करते आणि शून्याखाली तो बहुधा फारच मर्यादित ठेवते. थंडीत संथपणे भरणारी बॅटरी बिघडलेली असते असा समज चालकांमध्ये आढळतो. तो चुकीचा आहे. ती बिघडू नये म्हणूनच संथ भरली जात असते.

येथे एक विषमता लक्षात घेतली पाहिजे. घट रिता होत असताना आयन ग्रॅफाइटमधून बाहेर पडतात, त्यामुळे धातू साचण्याचे भय त्या वेळी नसते. सामान्य लिथियम-आयन घटांच्या माहितीपत्रकांत वीज घेण्याची अनुज्ञेय मर्यादा उणे २० अंशांपर्यंत आणि वीज भरण्याची मर्यादा शून्य अंशापर्यंत दिलेली असते, ती यामुळेच. थंड बॅटरीवर गाडी चालते, पण थंड बॅटरी भरता येत नाही. चालकाला याची पहिली खूण प्रभारण-स्थानकावर नव्हे, तर उतारावर मिळते. विद्युत् गाडी ब्रेक लावताना गतिज ऊर्जेची वीज करून ती बॅटरीत परत घालते, आणि हेही अखेर प्रभारणच असल्यामुळे थंड बॅटरी ही वीज पुरती स्वीकारीत नाही. चाळीस टन वजनाची गाडी डोंगराळ रस्त्यावरून उतरविणाऱ्या चालकास हा फरक चांगलाच जाणवतो.

बॅटरी आधी तापवून घ्यावी, हा उपाय या विवेचनातून आपोआप निघतो. उत्तर अमेरिकेच्या व स्कँडिनेव्हियाच्या थंड भागांत डिझेल वा पेट्रोलचे इंजिन रात्रभर विजेने उबदार ठेवण्याची पद्धत जुनी आहे. परंतु तेथे इंजिन तापवायचे ते सुरू व्हावे म्हणून, आणि येथे बॅटरी तापवायची ती भरता यावी म्हणून. त्यामुळे तापविण्याची वेळही बदलते. पहिले काम निघण्यापूर्वीचे आहे, दुसरे पोहोचण्यापूर्वीचे.

या क्रियेला इंग्रजीत ‘प्रीकंडिशनिंग’ असा अतिव्यापक शब्द रूढ झाला असून त्यामुळे काही घोटाळेही झाले आहेत. चालकाची खोली आधी उबदार करून ठेवण्यासही तोच शब्द वापरतात. म्हणून खोली उबदार झाली की बॅटरीही सिद्ध झाली, अशी समजूत होते. शिवाय उष्ण हवेत प्रभारणापूर्वी बॅटरी थंड करावी लागते, तीही याच नावाखाली येते. विदर्भाच्या उन्हाळ्यात या शब्दाचा अर्थ नेमका उलटा होईल. मराठीत ‘पूर्वतापन’ आणि ‘पूर्वशीतन’ असे दोन निरनिराळे शब्द योजल्यास हा घोटाळा टळतो. ज्या द्रवाला ‘शीतक’ म्हणतात, त्याच द्रवाने नळ्यांमधून फिरून बॅटरीला ऊब पोहोचवावी, हा नामविपर्यास मात्र तसाच राहतो. तो द्रव विद्युत्-तापकाने किंवा उष्णता-पंपाने तापवितात. काही गाड्यांत मोटरच मुद्दाम अकार्यक्षम रीतीने चालवून तिची वाया जाणारी उष्णता वापरतात.

पूर्वतापनाची किंमत किती पडते? सहाशे किलोवॅट-तासांच्या बॅटरीचे वस्तुमान चार टन आणि तिची विशिष्ट उष्णता किलोग्रॅममागे, अंशामागे सुमारे एक किलोजूल धरू. तिला उणे ५ पासून २५ अंशांपर्यंत नेण्यास १२० मेगाजूल, म्हणजे सुमारे ३३ किलोवॅट-तास उष्णता लागते. ही सारी बॅटरीतूनच घेतली, तर २८ किलोमीटरांचा पल्ला खर्ची पडतो. आणि तापक २० किलोवॅटचा असल्यास बाहेर जाणारी उष्णता न मोजताही एक तास चाळीस मिनिटे लागतात. छोट्या मोटारीत पंधरा-वीस मिनिटांत उरकणारे काम येथे प्रवासाच्या पूर्वार्धातच योजून ठेवावे लागते. तथापि बॅटरी काम करताना स्वतःही तापते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाताना तिच्यातून ९६ किलोवॅट शक्ती निघते. त्यातील ३ टक्के तिच्या अंतर्गत रोधात उष्णतारूप होतात असे मानले, तर साडेचार तासांत १३ किलोवॅट-तास उष्णता फुकट मिळते आणि तापमान सुमारे १२ अंशांनी चढू शकते. म्हणजे तापकाकडून २० किलोवॅट-तासच घ्यावयाचे राहतात आणि शेवटचा तासभर तो चालविला की काम भागते. सतरा किलोमीटर देऊन दोनशे किलोमीटर मिळविण्याचा हा व्यवहार आहे.

हा व्यवहार सर्वत्र इतका किफायतशीर नसतो, हेही नमूद करणे अवश्य आहे. प्रवाह किती जड, हे बॅटरीच्या आकारमानाच्या मानाने ठरते. युरोपीय संघाच्या २०२३ च्या १८०४ क्रमांकाच्या विनियमात जड वाहनांच्या प्रत्येक स्थानकावर किमान ३५० किलोवॅटचे एक तरी प्रभारण-यंत्र असावे अशी अट आहे. सहाशे किलोवॅट-तासांच्या बॅटरीला ३५० किलोवॅट म्हणजे तासाला तिच्या क्षमतेच्या ०.५८ पट, दहा अंशांच्या बॅटरीलाही हे बहुधा फारसे जड जात नाही. उलट २०२२ मध्ये बाजारात आलेल्या फोर्डच्या ‘एफ-१५० लाइटनिंग’ या लहान मालगाडीची मोठी बॅटरी १३१ किलोवॅट-तासांची होती. तिला १५० किलोवॅट हेच प्रमाण १.१५ पट पडते. लहान गाडीला लहान यंत्रावरही पूर्वतापन लागते. मोठ्या गाडीला ते खऱ्या अर्थाने लागते मेगावॅट-शक्तीच्या यंत्रावर. ३५० किलोवॅटच्या यंत्राकडे जाताना बॅटरी पूर्ण २५ अंशांपर्यंत तापविणे ही पुष्कळदा विजेची उधळपट्टीच होय. शिवाय प्रभारण चालू असताना घट आपल्याच रोधाने तापत जातो व प्रवाह वाढत जातो. म्हणून रात्रभर संथपणे भरणाऱ्या गाडीला पूर्वतापनाची गरजच उरत नाही.

तापविण्याचा वेग वाढविण्याचेही प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात चाओ-यांग वांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये घटाच्या आतच निकेलची पातळ पत्री बसवून उणे २० अंशांचा घट वीस सेकंदांत शून्य अंशावर आणून दाखविला. त्यात घटाच्या क्षमतेपैकी ३.८ टक्के ऊर्जा लागली. बाहेरून द्रव फिरवून उष्णता आत मुरण्याची वाट पाहावी लागते, तो विलंब या रचनेत टळतो.

प्रचलित रचनेत मात्र सर्व काही पूर्वज्ञानावर अवलंबून आहे. गाडी कोठे व केव्हा थांबणार हे नियंत्रण-यंत्रणेला ठाऊक असेल, तरच ती योग्य वेळी तापक सुरू करू शकते. म्हणून बहुतेक गाड्यांत मार्गदर्शक-यंत्रात प्रभारण-स्थानकाचे नाव घातल्यावर पूर्वतापन आपोआप सुरू होते. जवळचेच परिचित स्थानक म्हणून चालकाने नाव न घालता तेथे गाडी नेली, तर बॅटरी थंडच पोहोचते. जानेवारी २०२४ मध्ये शिकागोच्या परिसरात तापमान उणे १८ अंशांखाली गेले, तेव्हा जलद प्रभारण-स्थानकांवर विद्युत् मोटारींच्या लांब रांगा लागल्या आणि कित्येक गाड्या रांगेतच निकामी होऊन पडल्या. बॅटरी न तापविता आलेल्या गाड्या हे त्याचे एक कारण त्या वेळी सांगितले गेले. अशी एक गाडी यंत्रापाशी आली की प्रथम तिच्या बॅटरीला ऊब देण्यातच वीज व वेळ जातो. तोवर मागील गाड्या खोळंबतात, त्यांच्या बॅटऱ्याही निवत जातात, आणि त्यांची पाळी येईपर्यंत त्यांचीही तीच अवस्था होते.

मोठ्या मालमोटारीला या बाबतीत तिच्या वजनाचा फायदा मिळतो. चार टनांचे वस्तुमान तापण्यास जसे हट्टी, तसेच निवण्यासही हट्टी असते. चांगले आवरण असलेली बॅटरी बाहेर कडाक्याची थंडी असतानाही अर्ध्या तासाच्या थांब्यात एखादाच अंश गमावते. यंत्र मोकळे होण्याची वाट पाहावी लागली, तरी आधी दिलेली ऊब फारशी वाया जात नाही. त्यामुळे रात्री आगारात वीजजोडणीवर असतानाच बॅटरी तापवून ठेवणे सर्वांत स्वस्त पडते, कारण ती उष्णता जाळ्यातील विजेची असते, पल्ल्यातून वजा होत नाही आणि सकाळच्या साडेचार तासांत पुष्कळशी टिकून राहते. दोन दिवसांच्या सुट्टीनंतर जोडणीविना उभी असलेली गाडी सोमवारी पहाटे थेट महामार्गावर काढली, म्हणजे मात्र वरचा सारा हिशेब पुन्हा उणे अंशांपासून मांडावा लागतो.